हलका हिमवर्षाव, ४० टक्के

हिनकलच्या बसथांब्यावर सकाळी सव्वाआठला मी उभी असते तेव्हा तो माझ्या हातात असतो. अंगठ्याने स्क्रीन सरकवली की आधी मैसूरू येतं: १६ अंश, धुकं. आणखी एकदा सरकवली की एडिसन, न्यू जर्सी: उणे १. त्याखाली एक राखाडी ढग, ढगाखाली दोन पांढरे ठिपके, आणि शब्द. हलका हिमवर्षाव, ४० टक्के. तिथे तेव्हा रात्रीचे पावणेदहा झालेले असतात. लेकीचं जेवण उरकलेलं असतं. ती सकाळी पावणेसातला गाडी काढते, म्हणजे तिचा रस्ता अजून नऊ तास लांब असतो. त्या रस्त्यावर काय पडेल, हे सांगणारा माझ्या ओळखीचा तो एकटाच.

त्याचं नाव अंदाज. आमच्या ओळखीला आता चौथा हिवाळा चालू आहे.

चेहरा नाही, आवाज नाही, पण स्वभाव पक्का. तो कधीही ‘पडेल’ म्हणत नाही, ‘शक्यता’ म्हणतो. बोलायला कमी, मोजायला फार. सकाळी ४० म्हणाला असेल तर दुपारी ५५ म्हणेल, संध्याकाळी ३०. सुरुवातीला मला याचा राग यायचा. ज्याच्या शब्दावर आपण जीव टांगून बसतो, त्याने शब्दाला धरून राहावं असं वाटायचं. पुढे कळलं की आधी म्हणालो होतो म्हणून तेच धरून ठेवणं त्याच्या रक्तात नाही. नवीन काही कळलं की तो लगेच सांगतो, कालचं चुकलं तरी सांगतो. माणसांत असा स्वभाव मी फार थोड्यांचा पाहिला.

हिनकल हे मैसूरूच्या पश्चिमेचं जुनं गाव. आता शहरात मिसळून गेलंय. हुणसूरचा रस्ता आणि रिंग रोड इथे भेटतात, चौकात उड्डाणपूल आहे, सकाळी हूटगळ्ळीच्या कारखान्यांच्या आणि आयटी कंपन्यांच्या बसगाड्या एकामागोमाग जातात. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर असल्यामुळे हिवाळ्यात पहाटे अंगावर शाल लागते. १६ जानेवारी २०१२ ला तर मैसूरूचा पारा ७.७ अंशांपर्यंत उतरला होता. ईशान्येचा पाऊस नोव्हेंबरभर जमीन भिजवून जातो, मग निरभ्र रात्री ती जमीन झरझर निवते, वारा पडलेला असतो, आणि पहाटे ओल तिथल्या तिथे हवेत उभी राहते. आमच्या निफाडकडे हिला धुई म्हणतात. सूर्य वर आला तरी तळ्याच्या अंगाला ती रेंगाळते आणि आमची बस दिवे लावून येते.

बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या अक्कांनी पहिल्या हिवाळ्यात एकदा माझ्या फोनवरचे पांढरे ठिपके पाहून विचारलं, हे काय? माझं कन्नड तेव्हाही कामचलाऊ होतं, आजही आहे. बर्फाला काय म्हणावं ते सुचेना. मी खिडकीबाहेर हात केला, मग आकाशाकडे बोट केलं आणि भुरभुर पडल्यासारखी बोटं खाली आणली. त्या म्हणाल्या, “मंजु. अल्लू मंजु बीळुत्ता?” तिथेही मंजु पडतं का? कन्नडमध्ये हे धुकंही मंजु आणि तो बर्फही मंजु. एका शब्दाने त्यांनी हिनकल आणि एडिसन एका आभाळाखाली आणून ठेवलं. आपल्याकडे धुई आहे, दव आहे, दहिवर आहे, गारा आहेत, पण आकाशातून पिसासारखं उतरणाऱ्या त्या गोष्टीला घरगुती शब्द नाही. हिमवर्षाव हा शब्द मी भूगोलाच्या पुस्तकाबाहेर कधी वापरला नव्हता. आता रोज सकाळी वाचते.

आणि हे एका आभाळाखालचं असणं नुसतं शब्दापुरतं नाही. अंदाजाचा जन्म कसा होतो ते कळल्यावर मी थक्क झाले होते. जगभरच्या वेधशाळा ग्रिनिचच्या घड्याळाने चालतात. ग्रिनिचचे रात्रीचे १२ म्हणजे आपले पहाटेचे बरोबर साडेपाच. त्या वेळेच्या हिशेबाने, प्रत्यक्षात थोडं आधीच, जगात शेकडो ठिकाणी एकाच वेळी फुगे सोडले जातात. बंगळूरुहून एक जातो, मुंबईहून जातो, न्यूयॉर्कजवळच्या अप्टनहूनही जातो. फुग्याला लहानसं यंत्र लोंबत असतं. वर जाता जाता ते तापमान, ओल आणि वारा कळवत राहतं, पंचवीस-तीस किलोमीटरवर फुगा फुटतो, आणि त्याचं काम संपतं. हिनकलमध्ये तेव्हा दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरत असतात. मी कुकर लावायला उठते. अक्कांच्या दारात सडा पडतो, रांगोळी निघते. आणि आमच्या डोक्यावरच्या हवेची खबर, उपग्रहांच्या, विमानांच्या, जहाजांच्या खबरींबरोबर, एडिसनच्या बर्फाच्या हिशेबात मिसळायला निघालेली असते.

कारण हवा एकच आहे. एडिसनवर परवा काय येईल हे काढायचं तर सगळ्या पृथ्वीवर आज काय आहे ते लागतं. ते गणित महासंगणकावर सुटतं. अमेरिकेचं गणित दिवसातून चार वेळा नव्याने मांडलं जातं. साडेपाचच्या मापांवरचं पहिलं उत्तर आपल्या घड्याळात नवाच्या सुमाराला बाहेर यायला लागतं. तेव्हा मी हुणसूर रस्त्याने कलामंदिर ओलांडून उतरायच्या बेतात असते, आणि लेक झोपायच्या. साडेदहा वाजलेले असतात तिच्याकडे. तिला दोन ओळी पाठवायच्या तर तेवढीच फट. युरोपचं गणित माझ्या डब्याच्या वेळेपर्यंत येतं. ते एकच प्रश्न एक्कावन्न वेळा सोडवतात, त्यांतल्या पन्नास वेळा सुरुवातीचे आकडे केसभर हलवून. का, तर कुठलंच माप अगदी बिनचूक नसतं. एक्कावन्नांतल्या वीस-एकवीस उत्तरांत बर्फ दिसला तर ती चाळीस टक्क्यांच्या आसपासची शक्यता झाली. फोनवरचा आकडा अशाच कुठल्या तरी गणितांच्या मेळातून येतो. ४० टक्के म्हणजे अर्धवट माहिती असं मला वाटायचं. आता त्या आकड्यामागे मला माना हलवणारी माणसं दिसतात: वीस हो म्हणणारी, एकतीस नाही म्हणणारी, आणि प्रत्येकाचं ऐकून घेणारा हा.

त्याचं घराणं मोठं आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचा. त्या धामधुमीत त्याने सहा तासांच्या हवामानाचं गणित हाताने करून पाहिलं. उत्तर साफ चुकलं, हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल असं निघालं, जे कधी होत नाही. तरीही १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्याने ते उत्तर जसंच्या तसं छापलं. मला वाटतं अंदाजाचा खरेपणा तिथून आलाय. १९५० साली प्रिन्स्टनच्या चार्नी, फॉन नॉयमन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या गणिताचं सोपं रूप एनियाक या संगणकाकडून सोडवून घेतलं. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागले, पण उत्तर ताळ्यावर आलं. हे प्रिन्स्टन न्यू जर्सीतलंच, लेकीच्या घरापासून फार लांब नाही. म्हणजे तो वाढला तिच्याच अंगणात.

हलका. या एका शब्दाशी माझं बरंच भांडण झालंय.

हलका म्हटलं की आपण निश्चिंत होतो. हलका ताप, हलका आहार, हलकं काम. बर्फाच्या बाबतीत मात्र हलका हा शब्द नजरेने मोजतात. बर्फ पडताना अर्ध्या मैलापलीकडचं दिसत असेल तर तो हलका, दिसणं त्याहून कमी झालं की मध्यम, आणखी कमी झालं की जोराचा. आपल्या धुक्याचंही तसंच, हजार मीटरच्या आतलंच दिसत असेल तर ते धुकं. म्हणजे दोन्हीकडे पट्टी एकच: किती लांबचं दिसतं. पण चाकाखाली काय आहे ते या पट्टीत येत नाही. जोराचा बर्फ येणार असला की तिथे शाळा बंद होतात, ऑफिसं घरून चालतात, रस्ते ओस पडतात. हलक्या बर्फाला कोणी थांबत नाही. सगळे रोजच्या वेळेला, रोजच्या वेगाने निघतात. पातळ थर चाकांखाली वितळतो, पुन्हा गोठतो, आणि डांबरावर काचेसारखी पापडी धरते, जी काळ्या रस्त्यावर काळीच दिसते.

शिवाय अंदाजासाठी सगळ्यात अवघड तोच. एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर बर्फ होतो. तिथे मिलिमीटरभर चूक म्हणजे रस्ता ओला की पांढरा, एवढा फरक. वर ढगात पिसं तयार झालेली असतात, पण खाली येताना मध्ये उबदार हवेचा एखादा पट्टा लागला की पाणी, त्याखाली पुन्हा थंड पट्टा लागला की जमिनीला टेकताच गोठणारं पाणी. समुद्र जवळ, त्यामुळे बर्फ आणि पाऊस यांची सीमा अनेकदा नेमकी लेकीच्या भागावरून जाते, वीस-तीस किलोमीटर इकडे नाहीतर तिकडे. एडिसनचा अंदाज माउंट हॉली इथल्या कार्यालयातून निघतो. तिथली माणसं आकड्यांसोबत एक टिपण लिहितात. कुठल्या गणिताचं काय म्हणणं आहे, आपली खात्री किती, शंका कुठे आहे, सगळं त्यात असतं. लेकीने मला ते वाचायला शिकवलं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी वाचते. फोनवर तीन शब्दांत बोलणारा तो तिथे सविस्तर बोलतो.

हे वाचताना मला दादा आठवतात, माझे वडील. निफाडला आमची द्राक्षबाग. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो, मण्यांत पाणी उतरायच्या दिवसांत. कडाक्याच्या थंडीने मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, वर्षाची कमाई चार रात्रींत जाते. दादा संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत जेवायला बसत नसत, कारण हवामान शेवटी यायचं. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, असं गावात सगळे हसून म्हणायचे. दादा हसत नसत. ते म्हणायचे, तो सांगतोय ते आपल्या बऱ्यासाठी, बाग आपली आहे, त्याची नाही. मग रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन बागेत जायचे. मांडवाच्या डांबाला बांधलेलं थर्मामीटर बघायचे. सहाच्या खाली काटा आला की आम्हा भावंडांना उठवायचे. काटक्या, भुसा, ओला पाला, बागेत ठिकठिकाणी शेकोट्या. धूर मांडवाखाली पसरायचा. डोळे चुरचुरायचे. पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडायचे.

एक थर्मामीटर ते मुद्दाम जमिनीपासून वीतभर वर बांधायचे. जमिनीपेक्षा तिथे थंडी जास्त, असं त्यांचं म्हणणं. मी ते खूळ समजायचे. पुढे वाचलं की हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनी १९३२ साली हेच मोजून दाखवलं होतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटलेली नसते, किंचित वर असते. बाहेरच्या शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ते पटलं नाही. मापण्यात चूक झाली असेल म्हणाले. आज त्या थराला रामदासांचंच नाव आहे. त्याच वर्षी पुण्यात हवामान खात्याचा शेतीसाठीचा विभाग सुरू झाला, तोही रामदासांच्याच हाताखाली. तेव्हा देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय पुण्यात होतं. १९२८ साली ते शिमल्याहून आलं, १९४४ ला दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडी त्या इमारतीचं नाव अजून शिमला ऑफिसच आहे. बर्फ पडणाऱ्या गावाचं नाव शिवाजीनगरच्या चौकाला चिकटून राहिलंय. दादांच्या रेडिओवरचा तो आवाज त्या घरातून निघालेला होता. माझ्या फोनवरचा त्याच गोतातला.

लेक २०२२ च्या ऑगस्टमध्ये एडिसनला गेली. पहिला हिवाळा कोरडाच गेला. शेजारच्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात तर पुढच्या जानेवारीपर्यंत एका दिवसात इंचभर बर्फ पडल्याला ७०१ दिवस झाले होते, असं कधी झालं नव्हतं म्हणे. त्यामुळे तिने गाडी घेतली, रोज चालवली, पण बर्फात चाक कधी घातलं नाही. ते ७०१ दिवस संपले १५-१६ जानेवारी २०२४ ला. १५ तारखेला सोमवार होता, संक्रांत होती. अक्कांच्या घरून एळ्ळु-बेल्लची वाटी आली होती: तीळ, गुळाचे बारके तुकडे, सुकं खोबरं, शेंगदाणे, डाळं, आणि साखरेचा एक पांढराशुभ्र मोर. मी त्यांना तिळगूळ दिला. गोड बोला, दोन्ही भाषांत.

मंगळवारी सकाळी थांब्यावर स्क्रीन उघडली तर टक्के नव्हतेच. तिकडे पडायला लागलं होतं. एक ते दोन इंच, आणि पहाटेच्या खान्यात नवीन चिन्ह: ढगाखाली तिरप्या रेघा आणि त्यांच्या टोकाला चांदणी. गोठणारा पाऊस. मी बसमध्ये चढले, आधार कार्ड दाखवून बायकांचं शून्य रकमेचं तिकीट घेतलं, आणि सीटवर बसायच्या आधी फोन लावला.

“आई, चौतीसवर आहे अजून,” ती म्हणाली.

पहिल्या वर्षी या फॅरनहाइटच्या चौतीसने मला चक्रावलं होतं. आता मी मनात वजाबाकी करते. बत्तीसला पाणी गोठतं, म्हणजे चौतीस आपला एकच अंश.

“सकाळी खाली जाईल. गोठणारा पाऊस दाखवतोय.”

“दोनच इंच आहे गं.”

“दोनच आहे म्हणूनच सांगते. सगळे निघतील. तू सव्वासहाला नीघ. पुलावर सावकाश.”

पुलाचं मला त्या टिपणांतून कळलं होतं. जमिनीवरच्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते, पुलाला वरून हवा, खालून हवा. आधी गोठतो तो पूल. मी हे सांगत होते तेव्हा मागे हिनकलचा उड्डाणपूल धुईत अर्धा बुडाला होता.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. डब्याच्या वेळी युरोपचं उत्तर आलं, त्यातही तेच. पावणेपाचला, तिच्या सव्वासहाला, फोटो आला. गाडीच्या काचेवर बर्फ नव्हता, बर्फावर काच होती. खाली बोटभर पांढरा भुसा आणि वर पारदर्शक कडक साय. प्लॅस्टिकच्या खरवडणीने तिने एक चौकोन मोकळा केला होता, त्यातून स्टिअरिंग दिसत होतं. टपावरचंही काढावं लागतं, नाही काढलं तर न्यू जर्सीत दंड आहे, कारण तो थर वेगात उडून मागच्याच्या काचेवर बसतो. तिला वीस मिनिटं लागली.

पुढचा तास मी शहरातून हिनकलकडे येणाऱ्या बसमध्ये होते. बाहेर स्वच्छ ऊन, लोकांच्या हातात उसाचे तुकडे. फोन मांडीवर. तिच्या ऑफिसच्या आधीच्या वळणावर ब्रेकवरच्या पायाला थरथर लागली आणि गाडी हातभर पुढे सरकली, मग चाकांनी रस्ता धरला. वेग पंधरा मैल होता. हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा फक्त एक शब्द आला, मी थांब्यावर उतरत असताना. पोचले.

मी तिथेच उभी राहून तो पुन्हा उघडला, का कोण जाणे. माझं खरं झालं, असं काही त्याच्या तोंडी नव्हतं. मंगळवार पहाटेचे सगळे आकडे त्याने पुसून टाकले होते. बुधवार, स्वच्छ आकाश, पहाटे उणे ९. म्हणजे वितळलेलं सगळं रात्री पुन्हा गोठणार होतं, आणि तो त्याच्या कामाला लागला होता.

बुधवारी पहाटे कुकर लावताना घड्याळ पाहिलं. साडेपाच. बाहेर दुधाचे क्रेट आपटत होते. सव्वाआठला बस आली, अक्कांनी पिशवी उचलून जागा दिली आणि माझ्या फोनकडे पाहिलं.

“मंजु बित्ता?”

“बित्तु,” मी म्हटलं, आणि लेकीच्या गाडीचा तो फोटो दोन बोटांनी मोठा करून त्यांच्यापुढे धरला.